दाजींचं चाडं

डाळ पुड्यात पडेपर्यंत आजूबाजूच्या सगळ्या जित्या माणसांची तोंडं बंद करणारा, आणि ती बंद झाली नाहीत तर डाळीलाच जागच्या जागी थांबवणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात एकच निपजला, आणि तो नेमका माझ्या बहिणीच्या वाट्याला आला. आमचे दाजी. माजलगावला मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या मागं, आडत दुकानांच्या पाठीमागच्या बोळात त्यांचं पत्र्याचं शेड आहे, शेडला लागूनच घर. तिथं ते पुडे भरायच्या मशिनी तयार करतात. वरून पोतं ओतायचं, खालून किलो-अर्ध्या किलोचे पुडे भरून निघायचे. तूरडाळ, शेंगदाणे, पोहे, साबुदाणा, जवस, कुटलेली मिरची, सुटा माल म्हणून जे जे काही माणूस खातो ते सगळं दाजींच्या हाताखालून गेलेलं आहे. मशीन दिसायला अगदी साधी. वर पत्र्याचं भलंमोठं नरसाळं, मध्ये मापाचा डबा, खाली पुडा धरायचं तोंड. त्या नरसाळ्याला सगळं जग हॉपर म्हणतं, दाजी चाडं म्हणतात. तिफणीवर लाकडाचं चाडं असतं ना, ज्यात मुठीनं बी सोडत शेत पेरतात, तेच. "हापर म्हनलं की त्यात जीव हाय असं वाटतच न्हाई," हे त्यांचं म्हणणं. आणि मी बीडला कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. घर्षण आणि गुरुत्वाकर्षण यापलीकडं धान्याला काही कळत नाही, असं रोज छातीठोकपणे पोरांना सांगणारा माणूस. आता सांगा, आमचं कसं जमायचं?

दाजींना हे वेड कधी लागलं कोण जाणे, पण मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते पुरतं लागलेलं होतं. अंतरपाटाच्या अलीकडं माझी बहीण नटूनथटून उभी, मंगलाष्टकं चाललेली, आणि नवरदेव मान तिरकी करून कापडावरून खाली येणाऱ्या अक्षतांकडं टक लावून बघतायत. आमच्याकडं अक्षता ज्वारीच्या. पण कुणीतरी शहरातल्या पाहुण्यानं तांदूळ आणले होते, तेही त्यात मिसळले होते. पंगतीत माझ्याशेजारी बसल्यावर ते माझ्याशी आयुष्यातलं पहिलं वाक्य बोलले, "मेव्हणे, जवारी घरंगळती, तांदूळ घसरतो. लई फरक हाय." मी अक्काकडं बघितलं, अक्कानं माझ्याकडं बघितलं, आणि आम्ही दोघांनीही जिलेबी खायला घेतली. तेव्हापासून या माणसानं पानात वाढलेला भात कधी सरळ खाल्लेला नाही. आधी त्याचा ढीग करायचा, बोटानं एका बाजूनं पोखरायचा, तो कुठं ढासळतो ते बघायचं, मग वरण. एकदा सगळे मिळून धर्मापुरीच्या जुन्या देवळात गेलतो. आम्ही आत देवापुढं हात जोडून उभे, आणि दाजी मागं, गाभाऱ्याचं पाणी बाहेर पडतं त्या दगडी पन्हाळीत खिशातले शेंगदाणे सोडत बसलेले. पुजाऱ्यानं हटकलं तर म्हणाले, "ज्यानं ही पन्हाळ कोरली त्याला उतार कळत होता, महाराज. जरा बघू द्या की." पुजारी बिचारा शेवटी स्वतःच एक एक शेंगदाणा सोडून बघायला लागला.

हे हसण्यावारी नेता येतं. पण सगळंच नेता येत नाही. आमच्या ओळखीतले एक म्हातारे वारले. त्यांच्यात पुरायची पद्धत. मूठमाती द्यायला दाजी पुढं झाले, त्यांनी मूठ सोडली आणि हात तसाच खड्ड्यावर धरून कान लावल्यासारखे उभे राहिले. मागची माणसं खोळंबली. मला वाटलं, गहिवरून आलं असेल. परत येताना माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "काळी माती कमान धरती, मेव्हणे. वरनं गच्च दिसतं, पर खाली पोकळ असतंय. मानूस बराच काळ आत मोकळाच राहातो." आता कमान धरणं म्हणजे काय ते सांगतो. नरसाळ्यातून माल खाली येताना कधीकधी तोंडाच्या वर दाणे एकमेकांना असे अडतात की त्यांची आपोआप कमान होते. वर पोतंभर माल, खाली मोकळी जागा, आणि एक दाणा खाली पडत नाही. पुडे भरायच्या मशिनीचा हा मोठा रोग, आणि साऱ्या डिझाइनची अक्कल तो टाळण्यात खर्ची पडते. मला हे शास्त्र व्यवस्थित ठाऊक आहे. तरीपण त्यानंतर कितीतरी दिवस मला तोंडावर पांघरूण घेऊन झोपता आलं नाही.

दाजींच्या शेडमध्ये जाताना चपला बाहेर काढाव्या लागतात, आणि मशीन चालू असताना कुणी तोंड उघडायचं नाही. खळ्यावर रास मोजताना जुनी माणसं अशीच अनवाणी, मुकाट बसायची. दाजींनी ती रीत उचलली आणि मोटर-पट्ट्याच्या मशिनीला लावली. आपापली डाळ, चटणी पुड्यांत भरून न्यायला गावातल्या बायका येतात, त्याही तिथं पदर तोंडाशी धरून बसतात. बाहेर मोंढ्यात हमालांचा नुसता कालवा, आणि आत दहा-बारा माणसं असून एकाचाही श्वास ऐकू येत नाही. पहिल्यांदा येणारा माणूस दारातच थबकतो, कुणी गेलं की काय घरात, असं त्याला वाटतं. एकदा प्लॅस्टिकच्या पिशव्या विकणारा एक एजंट आला. बोलका गडी, शेडमध्ये शिरला तोच बोलत. मशीनवर तूरडाळ चालू होती. हा बोलायला लागला आणि डाळ थांबली. मोटर चालू, तोंड उघडं, पण एक दाणा खाली येईना. दाजींनी ओठांवर बोट ठेवलं. तो गप्प झाला. क्षणभर सगळं शेड चिडीचूप, आणि मग वरून खळ्ळकन डाळ सुटली. "आयला, कमाल आहे," तो बोलून गेला, आणि डाळ पुन्हा थांबली! त्याचा चेहरा पांढराफटक पडला. चपला हातात घेऊनच तो बोळाच्या बाहेर गेला, आणि तेव्हापासून त्याच्या पिशव्या एसटीच्या पार्सलनं येतात, तो येत नाही.

मी म्हटलं, हे सगळं दमट हवेचं आणि पत्र्याच्या कंपनांचं काम. सिद्ध करून दाखवतो म्हणून मी स्वतः मशीनपुढं उभा राहिलो आणि न्यूटनचा पहिला नियम मोठ्यानं म्हणायला लागलो. निम्मा म्हणून व्हायच्या आत डाळ वर अडकली. माझ्या विद्यार्थ्यांच्या कानावर हे जाऊ नये एवढीच इच्छा आहे. दाजींनी मला चिडवलं नाही, हे जास्त लागलं. त्यांनी फक्त माझ्या खांद्यावर हात ठेवून मला बाजूला घेतलं, लहान पोराला विहिरीच्या काठावरून मागं ओढावं तसं.

त्यांच्या मशीनला आकडे दाखवणारा डबा असतो, त्याचीही तऱ्हा अशीच. आपल्याकडं मापानं धान्य मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात, मग दोन, तीन. दाजींना मशीननंही लाभ म्हणायला पाहिजे होतं. बीडच्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्यानं कपाळाला हात लावला, कारण त्या डब्यात अक्षरं उमटायची सोयच नव्हती. शेवटी तोड अशी निघाली की पहिल्या पुड्याला नुसता लाल दिवा लागेल आणि आकडा दोनपासून दिसेल. परगावचे व्यापारी फोन करतात, "तुमची मशीन पहिला पुडा मोजत नाही." दाजी शांतपणे विचारतात, "दिवा लागतो ना? मग मोजलाय."

आणि ते चाडं हुंकार देतं, हे तर मी स्वतः ऐकलंय. माल निम्म्यावर आला की आतून एक घोगरा, लांबलचक आवाज येतो, म्हातारं माणूस झोपेत कण्हल्यासारखा. दाणे पत्र्याला चिकटतात, सुटतात, पुन्हा चिकटतात, त्याचा तो आवाज. शास्त्रात बसतो. पण दुपारी लाइट गेलेली असताना, मोटर बंद असताना, मशीनला कुणी हात लावलेला नसताना तो एकदा आला, तेव्हा माझ्या हातातला चहा सांडला. दाजी पत्र्याला कान लावून उभे राहिले आणि म्हणाले, "काय न्हाई. आत बसायलंय, आपापली जागा धरायलंय." मी विचारलं, कोण? ते म्हणाले, "डाळच की, दुसरं कोन?" पण उत्तर द्यायच्या आधी ते थोडं थांबले होते.

आता कोपऱ्याचं सांगतो, कारण सगळं त्याच्यावरच आलं. दाजींच्या प्रत्येक चाड्यात आतल्या एका कोपऱ्यात पत्र्याची आडवी पट्टी असते, तिच्यामागं एक खिसा. मशीन पहिल्यांदा चालू करायच्या दिवशी त्या खिशात पायलीभर ज्वारी भरायची आणि ती पुन्हा काढायची नाही. वरून काहीही ओता, खिशातलं खिशातच राहतं. चाडं कधी पूर्ण मोकळं पडता कामा नये म्हणून. मोठ्या शहरातला एक इंजिनियर मशीन बघायला आला होता, चांगली पाच मशिनींची मागणी घेऊन. त्यानं आत बॅटरी मारली आणि म्हणाला, हा कोपरा काढा, जुनं धान्य अडकतं, किडे होतील, खाण्याच्या मालात हे चालत नाही. शंभर टक्के बरोबर बोलला! मीही तेच सांगत होतो. दाजींनी त्याला गूळ-शेंगदाणे खाऊ घातले, पाणी पाजलं आणि रिकाम्या हातानं परत लावून दिलं. मी भडकलो. "आता काय चाडं बघत उपाशी बसणार का?" तर म्हणाले, "मोकळ्या चाड्याचं तुमाला म्हाईत न्हाई, मेव्हणे."

मग त्यांनी ते सांगितलं, आणि परत कधी त्याचा विषय काढला नाही. ते लहान होते. घरी अचानक पाहुणे आले. घरात पीठ नव्हतं. त्यांच्या आईनं कणगीत वाकून, तळाला चिकटलेली ज्वारीसुद्धा खरवडून काढली आणि दळायला दिली. पाहुणे जेवले. भाकरी चांगल्या झाल्या होत्या म्हणाले, हेही दाजींना आठवत होतं. त्याच दिवशी त्यांचा थोरला भाऊ बैलं धुवायला कालव्यावर गेला आणि बैलं तेवढी परत आली. "आई मरंपर्यंत कणगीत हात घालून बघायची," दाजी म्हणाले, "तळ लागतो का म्हनून." एवढं बोलून त्यांनी पाना उचलला आणि नट आवळायला लागले. मी उगाच वरच्या पंख्याकडं बघत बसलो.

त्या कोपऱ्याच्या बाहेरच्या पत्र्याला थंडीत सकाळी हात लावला तर तो कोमट लागायचा. बाकी सगळं मशीन गारठलेलं, तेवढीच जागा कोमट. साठवलेल्या धान्यात किडा असला की ऊब येते, हे मला माहीत आहे. मी ते दाजींना सांगितलंही. त्यांनी मान डोलावली. पण मी बघितलं की तिथून जाता-येता ते पत्र्यावर तळहात ठेवतात, झोपलेल्या पोराचा ताप बघावा तसा, आणि पुढं जातात. दोन-चार वेळा माझाही हात आपोआप तिकडं गेला. खोटं कशाला बोलू?

मागल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला दाजी बीडहून जळलेली मोटर भरून घेऊन परतले, तर अक्का शेडमध्ये चक्कर येऊन पडलेली. आधी वाटलं ऊन लागलं, पण पोटात कळ थांबेना. तिला बीडला आणलं. डॉक्टर म्हणाले, पित्ताची पिशवी सडलीय, आत पू झालाय, त्यात शुगर एवढी वाढलेली की हात लावता येत नाही. शुगर उतरली की ऑपरेशन, आणि उशीर झाला तर काही सांगता येत नाही. दाजी तिला दवाखान्यात पोचवून, सह्या करून, त्याच पावली माजलगावला परत गेले. मला वाटलं कपडे आणायला गेले असतील. दुसऱ्या दिवशी सकाळी शुगर आटोक्यात आली, डॉक्टरांनी संध्याकाळचं ऑपरेशन ठरवलं, आणि ह्यांचा पत्ताच नाही. फोन लावला की म्हणायचे, "इथनं हालता येत न्हाई." दार वाजलं की अक्काची मान वळायची. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बायकोला तिच्याजवळ बसवलं, गाडीला किक मारली आणि थेट माजलगाव गाठलं.

भर दुपार. मोंढा बंद होता, बोळात कुत्रंसुद्धा नव्हतं. शेडचं दार उघडं. आत दाजी मशीनसमोर जमिनीवर मांडी घालून बसलेले, अंगात कालचाच सदरा. मशीन बंद. मी दारातूनच ओरडायला तोंड उघडलं, पण त्यांनी हात वर केला, उठले, आणि कोपऱ्याच्या पत्र्यावर बोटाच्या पेरानं टकटक केलं. आवाज पोकळ आला. मग त्यांनी माझा हात धरून तिथं टेकवला. एवढ्या उन्हाळ्यात, वर तापलेले पत्रे असताना, ती जागा गार पडली होती.

"ती पडली तवापास्नं असंच हाय," दाजी म्हणाले. "कुनीतरी मोकळं केलंय."

"मग भरा की! पायलीभर ज्वारी टाका आणि चला माझ्याबरोबर. अक्का वाट बघायलीय तिथं."

"मला भरता येत न्हाई. पेरताना चाड्यावर मूठ बदलायची नसती. ज्यानं मोकळं केलं त्यानंच भरावं, न्हाईतर त्याच्या रक्ताच्या मानसानं. मी भरलं तर उलटंच व्हायचं."

"आणि कुणी मोकळं केलं ते?"

दाजींनी माझ्याकडं बघितलं नाही. "मोकळं ठिवून जाताबी येत न्हाई," एवढंच म्हणाले, आणि परत खाली बसले. या माणसाला मी पहिल्यांदाच भ्यालेला बघत होतो, आणि भीती अशी होती की तिच्यावर चिडणं जमेना.

मी बाहेर बोळात आलो आणि बायकोला फोन लावला, म्हटलं अक्काच्या कानाला लाव. अक्काला सगळं सांगितलं, की तुझा नवरा मोकळ्या चाड्याला राखण बसलाय, तो काही येत नाही. पलीकडून बारीक आवाज आला.

"बापू, ते खरंच मोकळं हाय रे. मीच झाडलंय."

"तू?"

"दर साली झाडते. हे मोटर भरून आणायला बीडला गेले की. पोरकिडे होतेत की रं त्यात, लोकं खातेत तो माल! जुनी काढायची, कोपरा पुसून घ्यायचा, नवी भरायची. ह्यांला वाटतं ती पयल्या दिवसाचीच जवारी हाय. यंदा झाडून घेतलं, नवी भरायला उठले आन् चक्कर आली." ती दम खायला थांबली. "माझ्या मनात येऊ लालंय बघ, की मोकळं राहिलं म्हनून तर न्हाई ना झालं हे सगळं."

"अक्का, काहीतरीच नको बोलू. पित्ताची पिशवी आहे ती."

"व्हय. पर तू भर. पिठाच्या डब्यामागं वाळवून ठिवलीय. वर चढू नको, मशीनच्या मागनं एक बारकं दार हाय. आधी मी वरनंच वाकून काढायचे, तर एका साली पत्र्यानं दंड कापला माझा. ह्यांला म्हनलं, विळी लागली. मग पुढं ह्यांनीच मागनं दार केलं, आत हवा खेळावी म्हनून. माझं आयतंच काम झालं." आणि मग, "ह्यांला कळू देऊ नको, बापू. घाबरतेत."

आत गेलो. काय थाप मारून दाजींना बाहेर काढावं याचा विचार करत होतो, तर तेच उठले. "मी जरा बोळाच्या तोंडाला पानी पिऊन येतो," म्हणाले. घरात माठ भरलेला होता. एवढा वेळ जागचा न हललेला माणूस पाणी प्यायला बाहेर गेला आणि जाताना दार लोटून घेतलं.

मी घरातून ज्वारी आणली आणि भिंत आणि मशीन यांच्यामधल्या फटीत आडवा होऊन शिरलो. इतक्या वर्षांत मी त्या बाजूला कधी गेलो नव्हतो. तिथं अंधार होता, आणि शांतता अशी की माझ्याच कानातलं रक्त मला ऐकू येत होतं. हाताला दार लागलं. सरकतं, तळहाताएवढं. त्याच्या चारी कडा आत वळवून, त्यांच्यावर सायकलची ट्यूब कापून बसवलेली होती, हाताला पत्रा लागू नये म्हणून, बांगडी फुटू नये म्हणून. खाली कोपर टेकायला लाकडाची फळी, तिला कापड गुंडाळलेलं. पायाशी वीतभर उंचीची पायरी, वेल्डिंग केलेली. बाजूला विजेरी अडकवायला आकडा. माझा हात त्या दारातून जाईना, बोटं जुळवून, मनगट पिळून कसाबसा घातला. ते दार पुरुषाच्या हातासाठी केलेलंच नव्हतं. ती उंची, ते माप, सगळं एकाच बाईचं होतं, आणि ती बीडला दवाखान्यात पडलेली होती. हवा खेळावी म्हणून! त्या माणसाला सगळं माहीत होतं. तिचा दंड कापला तेव्हापासून माहीत होतं. दर वर्षी मोटर जळो न जळो, ते बीडला जात होते, तिला मोकळीक मिळावी म्हणून. आणि काल ते भरायला कुणीच नाही हे कळल्यावर ते माझी वाट बघत बसले होते, कारण तिच्या रक्ताचा माणूस मी एकटाच होतो. मला सरळ बोलावलं असतं तर मला सांगावं लागलं असतं, आणि मी अक्काला सांगितलं असतं, की ह्यांना माहीत आहे.

मी मूठ मूठ ज्वारी आत सोडत गेलो. आत कुणीतरी कुजबुजल्यासारखा आवाज होत होता. एका मुठीला तर दाणे माझ्या बोटांतून इतक्या झपाट्यानं गेले की पलीकडून कुणी ओंजळ धरलीय असं वाटलं, तरी मी हात मागं घेतला नाही. शास्त्र बित्र मला त्या वेळी काही आठवलं नाही. माझ्या बहिणीला वाचव, एवढंच मनात होतं, आणि मी कुणाला म्हणत होतो ते मला आजही सांगता येत नाही.

दाजी परत आले, त्यांनी पत्र्यावर टकटक केलं. आवाज भरीव आला. "चला," म्हणाले, आणि माझ्या आधी जाऊन गाडीवर बसले. वाटेत तेलगावच्या पुढं कधीतरी त्यांनी मागून माझ्या पाठीवर कपाळ टेकलं होतं, आणि माझा सदरा तिथं ओला झाला, तो घामानं नव्हे.

दवाखान्यात अक्कानं त्यांना बघितलं आणि पहिलं विचारलं, "चाडं कसं हाय?" दाजी म्हणाले, "त्याला काय धाड भरलीय? हाय तसंच हाय." मग तिनं त्यांची नजर चुकवून मला डोळ्यानं विचारलं, मी मान हलवली. थोड्या वेळानं दाजींनी तिची नजर चुकवून माझा हात दाबला. दोघं एकमेकांना ताकास तूर लागू देत नव्हते, आणि मी मध्ये दोन्हीकडचा भेदी. संध्याकाळी तिला आत नेलं. बाहेर आणलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, वेळेवर झालं. इंजेक्शनं आणि डॉक्टरांचा हात यांनी माझी बहीण वाचली, हे मी कुणालाही सांगेन. क्लासमध्येही सांगेन. फक्त शेडमध्ये उभं राहून सांगायला लावू नका.

परवा माजलगावला गेलो होतो. दाजींनी नवी मशीन घेतलीय करायला, स्वतःच्या शेडसाठी, जुनी आता थकली म्हणाले. चाडं वेल्ड करून झालेलं होतं, खिसाही झालेला होता. मी मागच्या बाजूला गेलो, आता मला तिकडं जायची सवय झालीय. तिथं दार होतं, कडांना नवी कोरी ट्यूब, पण पायरी नव्हती, आणि दार मी ज्या उंचीवर हात नेला तिथं सापडलं नाही. पार खाली होतं.

"दाजी, हे एवढं खाली का घेतलं?"

ते पट्टीला कानस मारत होते. अक्का ओसरीवर ज्वारी निवडत बसलेली, तिला ऐकू जाणार नाही अशा बेतानं ते बोलले.

"तुमी नीट बघितलं न्हाई का तिला इतक्यात? लई वाकलीय, मेव्हणे."